नाशिकचे चार दिवस आणि आईची वही

गुरुवार, १२ फेब्रुवारी

पहाटे पाच वाजता वसईहून निघालो तेव्हा अंगणात गारवा होता आणि शेजारच्या काकू शाल गुंडाळून फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांनी आईच्या हातात दोन वस्तू दिल्या : एक रिकामी स्टीलची बाटली आणि पन्नास रुपयांची नोट. बाटलीत गंगेचे पाणी आणायचे होते, कारण रविवारी महाशिवरात्र होती आणि नाशिकला गोदावरीला गंगाच म्हणतात, हे काकूंना माहेरपासून ठाऊक. पन्नास रुपयांची मेणबत्ती मात्र बाळ येशूपुढे लावायची होती, नातवाच्या दहावीसाठी. आईने दोन्ही वस्तू पिशवीत नीट ठेवल्या. तिच्या मते त्यात सांगण्यासारखे काही नाही. मला मात्र या चार दिवसांचा वृत्तांत त्या फाटकापासूनच सुरू करावासा वाटतो.

नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला आई लग्नाआधीपासून जाते. तिचे वय आता एक्याऐंशी आहे. यंदा धाकट्या भावाने गाडी काढली आणि यात्रेच्या दोन दिवस आधीच निघायचे ठरले, कारण मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला असला, तरी नाशिकमधली इतिहासाची ठिकाणे यात्रेच्या घाईत कधी पाहिली नव्हती. आठवड्यापूर्वीच वसईत संत गोन्सालो गार्सिया यांचा सण झाला होता. वसईत जन्मलेल्या या फ्रान्सिस्कन बंधूला इतर पंचवीस जणांसह ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर चढवण्यात आले. त्यानंतर जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावरची बंदी १८७३ पर्यंत टिकली, आणि तिथल्या कित्येक कुटुंबांनी एकही धर्मगुरू नसताना, बाप्तिस्म्याचे शब्द तोंडी जपत, अडीचशे वर्षे लपून श्रद्धा राखली. आम्ही त्याच गोन्सालोचा सण मिरवणूक काढून, रस्ता अडवून आणि पोलिसांना चहा देऊन साजरा करतो. लहानपणी हे सारे आपोआप चालते असे वाटे. आता तसे वाटत नाही.

आईजवळ एक वही असते. तपकिरी कागदाचे कव्हर घातलेली दोनशे पानी वही. संध्याकाळी रोझरीच्या, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेच्या, वेळी ती उघडून आई त्यातली नावे वाचते. आजारी माणसे, परीक्षेला बसलेली मुले, परदेशी गेलेले भाचे, वारलेले आप्त, सगळे तिच्यात असतात. गेल्या दहा-अकरा वर्षांत त्यात दूरची नावेही आली आहेत, आणि ती बहुतेक माझ्यामुळे आली, कारण वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम माझे. गाडीने कसारा घाट चढायला सुरुवात केली तेव्हा आईने वही मांडीवर घेतली आणि म्हणाली, "रविवारी त्या एकवीस पोरांचा दिवस आहे ना? आठवण कर."

दुपारी नाशिकला पोहोचलो. जेवून, थोडे पडून, चारच्या सुमारास शरणपूर रोडवर गेलो. या रस्त्यावरून जाणाऱ्या हजारो लोकांना शरणपूर हे फक्त पत्त्यातले नाव वाटत असेल, पण त्याचा अर्थ शब्दशः घ्यायचा आहे. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी शहराबाहेर ही ख्रिस्ती वस्ती वसवली आणि तिला शरण येणाऱ्यांचे गाव असे नाव दिले. धर्म बदलल्यामुळे ज्यांचे घर, विहीर आणि भाऊबंद एका दिवसात सुटले अशा माणसांना राहायला जागा हवी होती. पुढे इथे आणखी दूरची माणसे आली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम वाहून नेणारी गलबते ब्रिटिश आरमार पकडत असे आणि त्यांतली सोडवलेली मुले मुंबईत उतरवली जात. त्यांपैकी अनेक मुले शरणपूरला आली, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली, लिहा-वाचायला शिकली. आफ्रिकेच्या इतिहासात त्यांना 'नासिकची मुले' असेच म्हणतात.

त्यांतल्या जेकब वेनराइटची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगत असे. बालपणी गुलामांच्या व्यापाऱ्यांनी पळवलेला हा मुलगा नाशिकला शिकला आणि पुढे आफ्रिकेचा शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याच्या शेवटच्या प्रवासात सामील झाला. १८७३ मध्ये आजच्या झांबियातील एका खेड्यात लिव्हिंगस्टनचा मृत्यू झाला, तेव्हा त्याचे हृदय तिथेच झाडाखाली पुरून उरलेला देह सुमारे नऊ महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यावर आणणाऱ्यांत जेकब होता. पुरताना प्रार्थना त्याने वाचली आणि झाडावर अक्षरे त्याने कोरली. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदा देणाऱ्यांतला तो एकमेव आफ्रिकी माणूस होता. त्याने कोरलेली अक्षरे ज्या हाताने गिरवली गेली, तो हात नाशिकच्या पाटीवर तयार झाला होता. या पोरक्या मुलांना धर्माची निवड कितपत मोकळेपणाने करता आली, हा प्रश्न मी आता स्वतःला विचारते आणि त्याचे उत्तर मला सोपे वाटत नाही. पण त्यांना शरण मिळाली, आणि तीही अशा शहरात जिथे रामकुंडावर रोज हजारो लोक स्नान करत होते. या शहराने दोन्हींना जागा दिली.

सेंट अँड्र्यूज चर्चच्या बाहेर थोडा वेळ थांबलो. मग जवळच्या गल्लीतून चालत गेलो. एका दारावर पितळी क्रूस होता, खाली आडनावाची पाटी, आणि नाताळचा कागदी तारा अजून उतरवलेला नव्हता; त्याची एक बाजू उन्हाने फिकट झाली होती. मी त्या दारापुढे गरजेपेक्षा जास्त वेळ उभी राहिले असावे, कारण आतून एका बाईंनी कोण हवे म्हणून विचारले. मला जून-जुलै २०१४ मधले मोसुल आठवत होते. त्या शहराचा ताबा घेतल्यावर तथाकथित इस्लामिक स्टेटच्या लोकांनी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर अरबी 'नून' हे अक्षर रंगवले. 'नसारा', म्हणजे नाझरेथकर येशूचे अनुयायी, या शब्दाचे ते पहिले अक्षर. मग धर्म बदला, कर भरा, निघून जा, नाही तर तलवार, असा निर्वाणीचा इशारा दिला. काही दिवसांतच शतकानुशतके तिथे राहिलेली घरे रिकामी झाली आणि ऑगस्टमध्ये निनवेच्या मैदानातील काराकोशसारखी संपूर्ण ख्रिस्ती गावे एका रात्रीत पळाली. तिथल्या दारावरची खूण दुसऱ्याने केली होती, घर ओळखून ते रिकामे करण्यासाठी. इथल्या दारावरचा क्रूस घरच्या माणसाने स्वतः बाजारातून आणून, खिळा ठोकून लावला होता, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घर सापडावे एवढाच त्याचा उपयोग होता. मी त्या बाईंना म्हटले, "तारा छान आहे." त्या म्हणाल्या, "मुलगा उतरवू देत नाही."

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

सकाळी लवकर पांडवलेणी. आईचे गुडघे पायऱ्यांना तयार नसल्याने ती आणि भाऊ खाली बुद्धविहाराच्या बागेत बसले आणि मी एकटी चढले. शहराच्या दक्षिणेला महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात ही चोवीस बौद्ध लेणी आहेत. मला पाहायचे होते ते दहाव्या लेण्यातील उषवदाताचे लेख.

हा उषवदात क्षत्रप नहपानाचा जावई, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. लेण्याच्या भिंतीवर त्याने आपल्या दानांची यादी कोरून घेतली आहे. आधी त्याने ब्राह्मणांना आणि देवांना दिलेल्या गायी, सोळा गावे, तीर्थांवरची दाने येतात. मग भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शोर्पारग या ठिकाणी बांधलेल्या धर्मशाळा येतात. शोर्पारग म्हणजे आमच्या वसई तालुक्यातले नालासोपारा. हे नाव नाशिकच्या डोंगरात दगडावर कोरलेले आहे हे मला पुस्तकातून माहीत होते, पण त्या भिंतीसमोर उभे राहिल्यावर ते वेगळे जाणवले. आणि ही सगळी दाने सांगून झाल्यावर तोच माणूस सांगतो, की हे लेणे मी चारही दिशांहून येणाऱ्या भिक्षुसंघाला दिले. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) व्याजाने ठेवल्याची नोंदही आहे. ब्राह्मणांना गायी देणारा दाता बौद्ध भिक्षूंच्या कपड्यांचीही व्यवस्था करतो आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही. शेजारच्या तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख आहे. तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, त्या लेखात ब्राह्मणधर्माचा थोर आधार म्हणून गौरवले आहे, आणि तेच लेणे बौद्ध संघाला दान दिले आहे. नहपान आणि गौतमीपुत्र एकमेकांचे कट्टर वैरी होते. या एका बाबतीत मात्र दोघांच्या घराण्यांचा रिवाज सारखा होता.

उतरताना मला माझ्या गावाचा इतिहासही आठवला, आणि तो इथे लिहिला नाही तर हे लेखन अप्रामाणिक होईल. पोर्तुगीज अमलात वसई परिसरातील देवळे पाडली गेली आणि धर्माच्या बाबतीत सक्ती झाली. ते करणाऱ्यांच्या गळ्यात क्रूस होता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पोर्तुगीज गेले, पण आमचे पूर्वज तिथेच राहिले, शेती करत राहिले आणि ख्रिस्तीच राहिले. जिंकणाऱ्यांनी ठरवले असते तर आज वसईत एकही मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, झाली नसती. आईच्या वहीतल्या जुन्या पानांवर तिच्या पणजोबांचे नाव आहे, आणि ते नाव तिथपर्यंत पोहोचण्यात मराठी राज्यकर्त्यांचा वाटा आहे.

दुपारी गंगापूर रस्त्याने जलालपूरला गेलो. गोदाकाठचे लहानसे गाव. १८६८ मध्ये लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म इथला, कडक सोवळ्याच्या घरातला. त्यांचे पती नारायण वामन टिळक १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पुढची जवळपास पाच वर्षे नवरा एका धर्मात आणि बायको दुसऱ्या धर्मात अशी गेली, आधी दूर राहून आणि मग एका छपराखाली वेगवेगळ्या चुली मांडून. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या विचाराने, स्वतःच्या वेळी. धर्मस्वातंत्र्यावर भाषणे पुष्कळ होतात. माझ्या मते त्याची सर्वांत अवघड परीक्षा संसारात होते, जिथे एकाला दुसऱ्याची वाट पाहावी लागते आणि वाट पाहताना ओढायचे नसते. नदीकाठी कपडे धुणाऱ्या दोघींना मी लक्ष्मीबाईंबद्दल विचारले. एकीने ऐकले होते, "त्या कवयित्री ना?" एवढे. मला तेवढे पुरले.

संध्याकाळी पंचवटीत काळाराम मंदिराजवळ गेलो. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली याच मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. त्यानंतर याच जिल्ह्यातल्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी त्यांनी जाहीर केले, की मी हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मनुष्याला आपला धर्म सोडता आणि निवडता आला पाहिजे, हे ज्यांना स्वतःच्या जिवाच्या वेदनेतून कळले होते, त्यांच्याकडे पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद आले. अनुच्छेद २५ मध्ये सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य आणि धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. 'प्रसार' हा शब्द राहू द्यावा की नाही यावर डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत वाद झाला आणि बहुसंख्य हिंदू असलेल्या त्या सभेने तो ठेवला. त्या सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते. ही वाक्ये मी नागरिकशास्त्राच्या तासाला फळ्यावर लिहीत असे. मंदिराच्या दगडी भिंतीजवळ उभे राहून त्यांचा क्रम असा लागतो, हे मला तेव्हा सुचले नव्हते.

मंदिराच्या वाटेवर आईला तहान लागली. एका दुकानदाराने माठातले पाणी त्याच्याच पेल्यात दिले. आई प्यायली, पेला विसळून परत दिला. आईच्या गळ्यात क्रूस होता आणि तो पदरावरून स्पष्ट दिसत होता. पाकिस्तानात पंजाबमधल्या एका खेड्यात जून २००९ मध्ये आसिया बीबी नावाची ख्रिस्ती शेतमजूर बाई फालसे तोडताना पाणी प्यायली आणि तिच्या हातचा पेला बाटला म्हणून सोबतच्या बायकांशी वाद झाला. त्या वादातून धर्मनिंदेचा आरोप, २०१० मध्ये फाशीची शिक्षा आणि तुरुंगातली वर्षे निघाली. पेल्याचा विटाळ म्हणजे काय हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. तिची बाजू घेतली म्हणून पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर ४ जानेवारी २०११ रोजी मारले गेले. ते मुसलमान होते. अल्पसंख्याक खात्याचे मंत्री शाहबाज भट्टी २ मार्च २०११ रोजी मारले गेले; ते ख्रिस्ती होते. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तिला निर्दोष सोडले, पण तिला देश सोडावा लागला. आईच्या वहीत आसिया, सलमान आणि शाहबाज ही नावे एकाखाली एक आहेत. सलमान तासीर यांचे नाव लिहिताना आईने मला विचारले होते, "आपल्यातला नाही ना तो?" आणि मी नाही म्हटल्यावर तिने ते जरा मोठ्या अक्षरात लिहिले.

शनिवार, १४ फेब्रुवारी

यात्रेचा दिवस. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या बाळ येशू मंदिराकडे सकाळी सातलाच माणसांची रीघ होती. मुंबई, वसई, पुणे, नगर, गोवा आणि त्याही पलीकडून आलेल्या गाड्या होत्या. वेगवेगळ्या भाषांत मिस्सा होत्या. रांगेत आमच्या पुढे एक नवरी वाटावी अशी मुलगी हिरव्या चुड्यात उभी होती, तिच्या मागे बुरख्यातली एक बाई झोपलेल्या बाळाला खांद्यावर घेऊन. इथे येणाऱ्यांत सगळेच ख्रिस्ती नसतात. अर्धे नसतात असेही कोणी म्हणते. दाराशी कोणी विचारत नाही. बंदोबस्तावरची एक तरुण महिला पोलीस आईला पाहून पुढे आली, दोरी वर उचलून "आजी, इकडून या" म्हणाली आणि तिला रांगेतून काढून सावलीतल्या खुर्चीवर बसवले. तिच्या छातीवरच्या पाटीवर मराठा आडनाव होते. एका ख्रिस्ती सणाला सरकारी पोलीस पहाटेपासून उभे राहतात, ते ख्रिस्ती लोकांवर पाळत ठेवण्यासाठी नव्हे तर आजींना सावलीत बसवण्यासाठी. जगात असे देश आहेत जिथे प्रार्थनेच्या ठिकाणी पोलीस दिसला की माणसे मागच्या दाराने पळतात. उत्तर कोरियात तर घरात बायबल सापडणे हाच गुन्हा आहे.

बाळ येशूच्या या रूपाची मूळ मूर्ती प्राग शहरातली, मेणाची, जेमतेम दीड फुटाची. १६२८ मध्ये पोलिक्सेना या सरदार घराण्यातील स्त्रीने ती कार्मेलाइट संन्याशांना दिली. १६३१ मध्ये सॅक्सनीचे सैन्य शहरात शिरले, मठ लुटला गेला आणि ती मूर्ती वेदीमागच्या कचऱ्यात फेकली गेली. तिचे दोन्ही हात तुटले. १६३७ मध्ये फादर सिरिल यांना ती तशीच सापडली. ते लुटणारे सैन्यही ख्रिस्तीच होते, प्रॉटेस्टंट. आणि त्याच 'तीस वर्षांच्या युद्धात' कॅथलिक सैन्यांनी प्रॉटेस्टंट शहरांची राखरांगोळी केली. छळ म्हणजे नेहमी दुसऱ्या धर्माने आपल्यावर केलेला, अशी समजूत करून घेणे सोपे असते. या बाळाचे तुटलेले हात ती समजूत टिकू देत नाहीत.

काकूंची मेणबत्ती आईने आधी लावली, मग आमच्या घरची. वारा होता आणि पहिली दोनदा विझली. शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी मुलाने आपल्या तळव्यांचा आडोसा धरला तेव्हा ती टिकली. मेणाच्या थारोळ्यात शेकडो वाती जळत होत्या आणि उष्णतेने चेहरा भाजत होता, तरी आई हलेना. ती पुटपुटत होती आणि मला फक्त एक नाव ऐकू आले, लिआ.

लिआ शारिबू ही नायजेरियातल्या दापची गावची शाळकरी मुलगी. १९ फेब्रुवारी २०१८ रोजी शस्त्रधारी अतिरेक्यांनी तिच्या शाळेतून शंभराहून अधिक मुली पळवल्या. काही मुली दगावल्या आणि महिन्याभरात बाकीच्या परत आल्या, पण लिआला पाठवले नाही, कारण चौदा वर्षांच्या त्या पोरीने ख्रिस्ताला नाकारायला नकार दिला. मी तीस वर्षे त्या वयाच्या मुलींना शिकवले आहे. गृहपाठ केला नाही तर त्या डोळे चुकवतात, रागावले तर रडतात, आणि त्यांच्यातली एखादी एका शब्दाने घरी जाऊ शकत असताना तो शब्द उच्चारत नाही, हे मला आजही पुरते कळत नाही. माझ्यावर तसा प्रसंग आला असता तर मी काय केले असते, याचे उत्तर मी स्वतःला द्यायला धजत नाही. मला तो प्रश्न कधी कुणी विचारलाच नाही, आणि या न विचारण्याबद्दल मी मेणबत्त्यांसमोर उभे राहून देवाचे आभार मानले.

मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनांच्या वेळी छळ सोसणाऱ्या ख्रिस्तसभेसाठी एक प्रार्थना झाली. एवढ्या गर्दीचा "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक" असा आवाज ध्वनिक्षेपकावरून बाहेर महामार्गापर्यंत जात होता आणि तिकडून एसटीचा हॉर्न आत येत होता.

रात्री मुक्कामी भावाने विचारले, की आपल्या देशात सगळे आलबेल आहे का? नाही. १९९९ च्या जानेवारीत ओडिशात मनोहरपूर येथे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले, फिलिप आणि तिमथी, जीपमध्ये झोपलेली असताना जिवंत जाळली गेली. २००८ मध्ये त्याच राज्यातल्या कंधमालमध्ये घरे आणि चर्च जळाली, हजारो माणसे जंगलात आणि छावण्यांत राहिली. आजही कुठे प्रार्थनासभा उधळल्याच्या बातम्या येतात, आणि मी वसईतल्या ओट्यावर बसून त्या वाचते तेव्हा माझी कृतज्ञता मला अपुरी वाटते. ती नावेही वहीत आहेत. पण त्या खटल्यांत भारतीय न्यायालयांनी शिक्षा दिल्या, भारतीय पत्रकारांनी लिहिले आणि ग्रॅहम यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली ती याच मातीवर उभे राहून. मिळालेल्या स्वातंत्र्याचे आभार मानणे म्हणजे ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्याकडे पाठ फिरवणे नव्हे. आई तर उलट करते, आधी त्यांची नावे वाचते आणि मग आमची.

रविवार, १५ फेब्रुवारी

पहाटेची मिस्सा करून रामकुंडाकडे गेलो. महाशिवरात्रीमुळे कपालेश्वराच्या पायऱ्यांवर रांग होती. हे नंदी नसलेले शंकराचे मंदिर. घाटावर सिंहस्थाच्या तयारीची कामे चालली होती आणि त्यातून वाट काढत माणसे स्नान करून ओलेत्याने, हातात बेल घेऊन वर जात होती. आई शेवटच्या पायरीपर्यंत जायचे म्हणाली. भावाने तिचा एक हात धरला, मी दुसरा. तिने काकूंची बाटली स्वतः वाकून भरली, झाकण घट्ट लावले आणि पदराने बाहेरून पुसली. शेजारी स्नान उरकलेल्या एका गृहस्थांनी तिच्या गळ्यातला क्रूस पाहिला, मग बाटलीकडे पाहिले. "शेजारणीसाठी," आई म्हणाली. त्यांनी मान डोलावली आणि आपल्या पुडीतली दोन बेलाची पाने तिला दिली, "हीही द्या."

परतीला त्र्यंबक-जव्हारचा रस्ता त्या दिवशी बंदच असल्यासारखा असणार, म्हणून पुन्हा कसाऱ्याने निघालो. घोटीजवळ चहाला थांबलो, तिथे उपवासाचा साबुदाणा वडा गरम होता आणि आम्ही तिघांनीही तोच खाल्ला. इगतपुरी ओलांडल्यावर आईने वही काढली.

२०१५ च्या १५ फेब्रुवारीला लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावरची ती चित्रफीत जगाने पाहिली. नारिंगी कपड्यांतली एकवीस माणसे, मागे काळे कपडे घातलेले मारेकरी. वीस जण इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती, बहुतेक मिन्या प्रांतातल्या अल-ऊर या एका खेड्याच्या परिसरातले, घरी पैसे पाठवायला लिबियात बांधकामावर गेलेले मजूर. एकविसावा घानाचा. शेवटच्या क्षणी ते येशूचे नाव घेत होते. बिशोय आणि समुएल हे सख्खे भाऊ होते. कॉप्टिक चर्चने त्यांना हुतात्मे मानले, आणि २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक हुतात्म्यांच्या ग्रंथातही त्यांची नावे घातली. आमच्या नालासोपाऱ्यात, भिवंडीत, कुठल्याही बांधकामावर परगावची अशीच पोरे राहतात. त्यांच्याकडे पाहिल्यावर मला त्या एकवीस जणांचे चेहरे दिसतात.

घाटात गाड्यांची रांग होती. भावाने रेडिओ बंद केला. आई चष्मा सावरून वाचू लागली, प्रत्येक नावानंतर थोडे थांबून, जसे ती आमच्या घरच्या नावांना थांबते. मिलाद. अबानूब. किरोलोस. बिशोय. समुएल. गिर्गिस. मिना. लुका. परकी नावे तिच्या तोंडात वसईच्या वळणाने येत होती. शेवटच्या नावाशी ती थबकली.

"मॅथ्यूच्या गावाचे नाव लिहिले नाहीस तू," ती मला म्हणाली.

"घाना देश, आई. गाव मला सापडले नाही."

तिने पिशवीतून पेन काढले. वळणावर गाडी हलली तेव्हा मांडीवरची बाटली कलंडू लागली. ती तिने गुडघ्यांत धरली, बेलाची पाने वहीच्या पानात ठेवली, आणि मॅथ्यूच्या पुढे जागा मोकळी सोडून 'घाना' असे लिहिले.